बुधीच्या पाठीवरचं ओझं

डिसेंबरात रजा काढून कुठं गेला होता, असं शाळेत ज्यानं त्यानं विचारलं. मी ‘शहाद्याकडं’ म्हणालो की पुढचा प्रश्न ठरलेला: तिथं काय आहे बघण्यासारखं? लेणी नाहीत, समुद्र नाही, ओळखीचा देव नाही. मी आपला ‘ऊस बरा आहे तिकडचा’ असं सांगून वेळ मारून नेई. आता सवड आहे, तर सगळं नीट सांगतो.

मी साताऱ्याकडचा, माण तालुक्यातला. पलटणीत हवालदार होतो. चीनच्या लढाईत उजव्या पायाला लागलं, पाय गुडघ्यात वाकेनासा झाला आणि मी घरी आलो. आता हायस्कुलात कवायत शिकवतो. लंगडा कवायतमास्तर म्हणून पोरं माझी नक्कल करतात, आणि खरं सांगायचं तर झकास करतात. लढाईत डोंगरावरच्या ठाण्यावरून मला जिवंत खाली आणलं ते खेचरांच्या कंपनीतल्या दित्या नावाच्या एका भिल्ल पोरानं. वरच्या ठाण्यावर दारूगोळा पोचवायला तो आला होता. जनावरं सोडून आडोशाला जा, असा हुकूम असताना हा वर आला. ओझं उतरवल्यावर त्यानं मला खेचराच्या पाठीवर बांधलं आणि दोरी धरून पुढं चालू लागला. ओढ्याच्या वळणावर तोफेचा गोळा पडला आणि दित्या तिथंच राहिला. खेचर मला घेऊन एकटं खाली आलं.

दित्याला मरणोत्तर पदक मिळालं. मला मिळाली पेन्शन आणि पोरांची नक्कल. त्याच्या आईला एकदा भेटायचं, हे दोन वर्षं मनात घोळत होतं. धीर होत नव्हता, इतकंच.

कळसाडी

दित्या लष्करात जाण्याआधी कळसाडीच्या हिरजीभाईंकडं सालदार होता, म्हणजे वर्षाच्या करारानं शेतावर राबायला. ओझं घेऊन ठाण्यावर आला की डोंगरावर बसून तो याच गावाच्या गोष्टी सांगे. म्हणून मी आधी हिरजीभाईंना पत्र टाकलं. दोंडाईचा स्टेशनवर ते स्वतः न्यायला आले. पांढरी टोपी, पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा. मला लंगडत उतरताना पाहून त्यांनी ट्रंक माझ्या हातातून काढून घेतली आणि ती कळसाडीत पोचेपर्यंत मला परत दिली नाही.

आमच्या माणात विहिरीला हातभर पाणी लागलं तरी माणसं साखर वाटतात. इथं काळी जमीन एवढी मऊ की छकड्याची चाकं रुतत होती. एका बाजूला कापूस फुटलेला, दुसऱ्या बाजूला ऊस माणसाच्या डोक्यावर गेलेला. उत्तरेला सातपुडा निळा दिसत होता. मला थोडा हेवा वाटला हे कबूल करतो. हिरजीभाईंना तसं म्हटलं तर ते म्हणाले की तुमच्याकडं निदान माणसं लष्करात तरी जातात, आमच्या पंचक्रोशीतून गेला तो हा एकच.

हिरजीभाईंसारखे गुजर शेतकरी घरात आपली गुजरी बोलतात, गड्यांशी अहिराणी आणि माझ्यासारख्या पाहुण्याशी मराठी. बोलण्याच्या भरात आले की तिन्हींची खिचडी होते. जेवण मात्र एका भाषेतलं होतं. दादर ज्वारीची पातळ भाकरी, काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचं भरीत, उडदाची डाळ आणि वर घरचं तूप. आमच्याकडं वांगं भाजून त्यात दाण्याचं कूट घालतात; इथं कच्चं तेल आणि मिरच्यांचा ठेचा. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. चौथी हिरजीभाईंच्या घरच्यांनी न विचारता वाढली आणि मी न बोलता खाल्ली.

जेवण झाल्यावर ओट्यावर बसलो. हिरजीभाई कौतुकानं सांगू लागले की दित्याच्या आईनं, जमनीबाईनं, मुलाचा दगड घालायला घेतला आहे. येत्या पौर्णिमेनंतरच्या मंगळवारी तो उभा राहायचा आहे. त्यांच्या लोकांत लढून मेलेल्या माणसाचा कोरीव दगड गावाच्या शिवेवर उभा करतात. घोडा, घोड्यावर वीर, हातात तलवार.

मी म्हणालो, घोडा कशाला? दित्या तर खेचरांच्या कंपनीत होता.

हिरजीभाईंनी सुपारी कातरायची थांबवली. त्यांना ते ठाऊक होतं. धुळ्याला पदक द्यायचा समारंभ झाला तेव्हा हेच जमनीबाईला घेऊन गेले होते. साहेबांचं भाषण तिला त्यांनीच समजावून सांगितलं आणि खेचर आलं तिथं तिथं घोडा घातला.

“मास्तर, तुम्हना गावमा गाढववर कोनले बसाडतस?” त्यांनी मला विचारलं.

“चोराला,” मी म्हणालो.

“मग त्या मायले मी कसा सांगू, का तुन्हा पोऱ्याना दगडवर गाढवनं पिल्लू कोर म्हनीसन?”

त्यांचं म्हणणं चुकीचं होतं, पण वाईट नव्हतं. पोराची शोभा व्हावी एवढीच त्यांची इच्छा. तुम्हीही काही बोलू नका, अशी त्यांनी गळ घातली. आयत्या घोड्यावर बसलेल्याला खाली कशाला उतरवायचं, असं मलाही वाटलं. मी हो म्हणून टाकलं.

डोंगराच्या पायथ्याशी

म्हसावद मागं टाकून तोरणमाळच्या वाटेला लागलं की शेतं लहान होत जातात आणि दगड मोठे. त्या वाटेवर एका टेकाडावर जमनीबाईचा पाडा आहे. घरं लांब लांब, प्रत्येकाचं आपल्या शेतात. आमच्याकडं भिंतीला भिंत लागून असते आणि तरी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. इथं एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावर हाक मारून गप्पा चालतात.

जमनीबाई उभट, काटक बाई. नवरा दित्याच्या लहानपणीच गेलेला. गुजरांच्या शेतांत कापूस वेचायला जाऊन जाऊन तिला अहिराणी चांगली येत होती, त्यामुळं आमचं अडलं नाही. मी कोण हे हिरजीभाईंनी सांगितल्यावर तिनं रडारड केली नाही. मला खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसली आणि माझा न वाकणारा पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत चाचपून पाहिला, बाजारात बैल बघतात तसा. मग दित्या तिकडं काय खाई ते विचारलं. मी सांगितलं की डाळ आणि डब्यातली भाजी, आणि मक्याच्या भाकरीची आठवण काढी. तिनं मान हलवली आणि उठून मक्याची भाकरी थापायला बसली. सोबत अंबाडीची भाजी आणि लसणाची चटणी. चटणीनं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं आणि मला ते बरंच झालं, कारण पाणी तसंही येणार होतं.

पदक कुठं आहे, असं मी विचारलं. आमच्याकडं असतं तर काचेच्या चौकटीत, दारासमोरच्या भिंतीवर. तिनं आढ्याला टांगलेला वाळका दुधी भोपळा काढला, त्याच्या तोंडाचं बूच उघडलं आणि आतले मक्याचे दाणे सुपात ओतले. दाण्यांच्या मागोमाग पदक पडलं. घरातलं जे मोडायचं नाही ते बियाण्यात ठेवायचं, असा तिचा सरळ हिशेब होता. मला तो पटला.

मग ती आम्हाला दगडाकडं घेऊन गेली. मोहाच्या झाडाखाली छातीएवढी शिळा आडवी टाकलेली होती आणि रूपसिंग नावाचा तिथलाच पाथरवट तिच्यावर काम करत होता. वर सूर्य आणि चंद्र कोरून झाले होते. घोडा झाला होता, चांगला टुमदार, लहान कानांचा. त्याच्यावर ताठ बसलेला माणूस होता. तलवारीचं काम चाललं होतं.

आमच्या गावच्या देवळापाशी असे चार वीरगळ आहेत. लहानपणी आम्ही त्यांच्यावर बसून चिंचा खायचो. त्यातला वीर कोण, कुठला, हे गावात एकालाही सांगता येत नाही. इथं मात्र कोरणाऱ्यानं ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं त्याचाच दगड तो कोरत होता. मी त्या घोडेस्वाराकडं बघत राहिलो. जनावराच्या पाठीवर दित्या कधी बसलाच नव्हता. पाठीवर बसला होता तो मी. दित्याच्या दगडावर माझंच चित्र निघालं होतं, तेही तलवार घेऊन.

जमनीबाई माझ्याकडं बघत होती. “असाच व्हता ना?” तिनं विचारलं. मी दगडावरची कपची झटकली. मग तिनं मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. दूर मेलेला माणूस वाट चुकून फिरत राहतो. दगड उभा केला, शेंदूर लावला, नाव घेऊन हाक मारली की तो येऊन दगडात बसतो आणि मग घरचा होतो. पण त्याला स्वतःची ओळख पटली पाहिजे. “तो दोन वरीस बर्फमा फिरी ऱ्हायना, भाऊ. दगडवर आपलं जनावर देखी, तवयच तो वयखी. दुसरानं जनावर देखं, ते तो पुढे निंघी जाई.”

हिरजीभाई माझ्याकडं डोळे लावून उभे होते. मी त्यांना शब्द दिला होता. पण तो शब्द पाळला असता तर या बाईचं पोर तिच्या दारावरून पुढं निघून गेलं असतं. माझा शेंदराच्या दगडावर विश्वास आहे की नाही हा प्रश्नच नव्हता, तिचा होता. मी सगळं सांगितलं. घोडा नव्हता. खेचर होतं, घोडीला गाढवापासून झालेलं. त्याच्या पाठीवर मी होतो आणि दित्या पुढं पायी चालत होता, हातात दोरी. गोळा लागून पडल्यावरही दोरी त्याच्या मुठीतच होती. पडल्या जागेवरून त्यानं त्या मादीला हाक दिली, “चाल बुधी, घर चाल,” आणि मूठ उघडली. तेव्हा ती निघाली.

“बुधी?” जमनीबाई म्हणाली.

त्याला ती मादी बुधवारी मिळाली म्हणून त्यानं तिचं नाव बुधी ठेवलं होतं, असं मी सांगितलं. हे ऐकून ती शिळेवर हात टेकून सांगू लागली. दितवारी, म्हणजे रविवारी, जन्मला म्हणून तो दित्या. घरच्या बकऱ्यांची नावंही तोच ठेवी, ज्या वारी जन्मल्या त्या वाराची. तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि रडली, आणि रडता रडता हसली.

“हाई मन्हाच पोऱ्या,” ती म्हणाली. “घोडानं नाव तो कसाले घेई?”

हिरजीभाई खाली मान घालून उभे होते. तिनं त्यांना एका शब्दानंही दुखावलं नाही. एवढंच म्हणाली की शेठ, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत, पण आता बुधी पाहिजे.

अडचण रूपसिंगची होती. त्यानं जन्मात खेचर पाहिलेलं नव्हतं. मी राखेत काठीनं काढून दाखवलं, तर तो म्हणाला हा ससा आहे. आणि कान लांब करायचे तर दगड कुठून आणायचा? कोरताना तासलेला दगड परत चिकटत नाही. मंगळवार तोंडावर आलेला. शेवटी त्यानंच शिळा पहारीनं उलथून पाहिली. मागची बाजू कोरी होती.

सारंगखेडा

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला जत्रा भरते आणि तिथं घोडे येतात. कुठून कुठून येतात म्हणून सांगू. घोड्यांच्या गर्दीत कुठंतरी खेचर सापडेलच, या भरवशावर हिरजीभाईंनी आम्हाला एसटीत घातलं. खोटं बोलल्याचं प्रायश्चित्त म्हणून की काय, सगळ्या प्रवासात ते रूपसिंगला खिडकीशी बसवत होते.

जत्रा मोठी देखणी होती. पांढरेशुभ्र घोडे, पायांत चांदीचे वाळे, मानेत मण्यांच्या माळा. हलगीच्या तालावर नाचणारी एक घोडी तर आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही नाचीपेक्षा तालाला पक्की. गरम जिलेबी खाऊन आम्ही कामाला लागलो. खेचर कुठं आहे, असं विचारलं की व्यापारी हसत किंवा रागावत. उंची घोड्यांच्या बाजारात गाढवाच्या पोराची चौकशी करणारे हे कोण, असा त्यांचा चेहरा. एकानं तर हिरजीभाईंना विचारलं की लग्नाच्या वरातीसाठी पाहिजे का. हिरजीभाईंचे कान लाल झाले, पण त्यांनी विचारणं सोडलं नाही.

दुपार कलल्यावर नदीच्या बाजूला, सगळ्या तंबूंच्या मागं, मला वास आला. खेचराचा वास घोड्यासारखा असून घोड्यासारखा नसतो. सांगता येत नाही, पण विसरताही येत नाही. माळव्याकडच्या एका घोडेवाल्याची तंबू आणि भांडीकुंडी वाहणारी मादी तिथं खुंट्याला बांधली होती. करडी, लांब कानांची, तोंडावर कंटाळा. मी तिच्या मानेवर हात ठेवला. डोंगरावरून उतरताना अख्खी वाट मी अशाच मानेला मिठी मारून होतो. मला भर जत्रेत रडू आलं. ते मी लपवलं नाही.

रूपसिंग तिच्यासमोर उकिडवा बसला तो दिवस मावळेपर्यंत. त्यानं कानाची लांबी वितीनं मोजली, शेपूट बघितली, पुढून, मागून, खालून बघितलं. मालकाला वाटलं गिऱ्हाईक आहे, म्हणून तो किंमत सांगत राहिला. मादीनं रूपसिंगच्या फेट्याचं टोक चघळून ओलं केलं. तो उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं.

“हाई घोडापेक्षा शहाणं जनावर शे,” तो म्हणाला.

हिरजीभाईंनी त्या मादीला जिलेबी खाऊ घातली.

मंगळवार

परत आल्यावर रूपसिंगनं कोऱ्या बाजूवर कोळशानं आखलं. पुढं दित्या चालतो आहे, हातात दोरी, मागं बुधी, तिच्यावर मी आडवा. माझा पाय त्यानं अगदी काठीसारखा सरळ काढला होता. मला तो आवडला. पण पाड्याचा पुजारा, म्हणजे त्यांचा धार्मिक विधी करणारा म्हातारा, आला आणि त्यानं हात वर केला. जिवंत माणूस मेलेल्याच्या दगडावर घालायचा नाही. दगडाला शेंदूर लागणार, नाव घेऊन हाक मारली जाणार. मग तोही येऊन बसला तर?

सगळे माझ्याकडं बघू लागले. मलाही त्या दगडात जाऊन बसायची घाई नव्हती. पाठ रिकामी सोडा, असं पुजारा म्हणाला. ते जमनीबाईला पटेना. रिकामं जनावर घेऊन तो कशाला मरेल, असं तिचं म्हणणं. रूपसिंग डोकं खाजवत बसला. मग जमनीबाईच म्हणाली, “याले पोतं कर.”

आणि मी पोतं झालो. चांगलं भरलेलं, दोरीनं आडवं उभं बांधलेलं. हवालदाराचा हुद्दा गेला, तलवार गेली, लंगडा पायही गेला. शाळेतल्या पोरांना मी हे अजून सांगितलेलं नाही.

मंगळवारी सकाळपासून टेकाडाटेकाडावरून माणसं उतरू लागली. बायकांच्या कमरेला चांदीच्या साखळ्या, पुरुषांच्या हातात बासऱ्या, ढोल. आमच्याकडं मेलेल्याचं कार्य म्हणजे पांढरे कपडे आणि दबके आवाज. इथं लग्नासारखी वर्दळ होती. पोर घरी येणार होतं, मग आनंद नको का? शिळा उभी करताना कुठली बाजू कुठं यावर थोडी चर्चा झाली. घोड्याची बाजू म्हसावदच्या रस्त्याकडं, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी. हिरजीभाईंना ते फार बरं वाटलं. बुधीची बाजू आईच्या दाराकडं.

खड्ड्यात दगड बसवून झाल्यावर जमनीबाई पुढं आली. तिनं भोपळ्यातलं पदक आणलं होतं. ते घटकाभर दगडाला टेकवून ठेवलं आणि परत कमरेला खोचलं. मग शेंदूर घेतला. आधी दित्याला लावला, डोक्यापासून पायापर्यंत. त्याच्या मुठीला, दोरीला. बुधीच्या कपाळाला लावला, लांब कानांना लावला. पोत्याशी तिचं बोट थांबलं, आणि तेवढी जागा सोडून ते पुढं गेलं.

पुजाऱ्यानं नाव घेऊन हाक मारली. ढोल थांबले. त्याच्या मागून तिनं आपली हाक दिली. त्यांच्या भाषेतली म्हणून शब्द मला कळले नाहीत, पण त्यात बुधी होती. डोंगरावर गाय चुकली की आया मारतात तशी लांबवलेली हाक. मी माझ्या नकळत डोंगराच्या वाटेकडं बघत होतो. तिथं कोणी नव्हतं. जमनीबाई मात्र दगडाकडं बघून हसली, आणि आला, एवढंच म्हणाली. माझ्या छातीवर दोन वर्षं बसलेलं काहीतरी त्या वेळी उठून गेलं. ते काय होतं आणि कुठं गेलं, हे मी शहाण्या माणसांशी बोलणार नाही.

मोहाची दारू पानाच्या द्रोणात आली. तिनं पहिली धार दगडाच्या पायथ्याशी सोडली, दित्यासाठी. दुसरी बुधीच्या खुरांशी. बुधी अजून आहे का, असं तिनं मधेच मला विचारलं. मी म्हणालो, होती तेव्हा, मला घेऊन खाली आली तेव्हा ठणठणीत होती. मग असेल, ती म्हणाली, आणि आणखी थोडी ओतली.

द्रोणात तळाला घोटभर उरली होती. मला वाटलं ती पोत्याच्या नावानं सोडेल. ती माझ्याकडं वळली आणि द्रोण माझ्या हातात दिला.

“हाई जमीनवर नही सांडानी,” ती म्हणाली. “तू जित्ता शेस. तू पी ले.”